बाबांनी न खाल्लेला रावस

कयाक ही माझी हौस नव्हे, नवऱ्याची. हे आधीच सांगून टाकते, कारण ओळखीतले सगळे लोक आता माझ्याकडे बोट दाखवतात. नवरा अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये क्वालिटी बघतो. आठवडाभर तिकडेच कंपनीच्या खोलीवर राहतो आणि शुक्रवारी संध्याकाळी शारजाला घरी येतो. चार वर्षांपूर्वी कुठलासा व्हिडिओ बघून त्याच्या डोक्यात शिरलं, की आपण कयाकमधून मासे धरायचे. दोन माणसं बसतील अशी पिवळीजर्द प्लास्टिकची लांबलचक वस्तू त्यानं गाडीच्या टपावर बांधून आणली, दोनदा पाण्यात घातली, दुसऱ्यांदा उलटा झाला, चष्मा गमावला आणि खलास. तेव्हापासून ती बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकून उभी. वॉचमन दर महिन्याला विचारायचा, "मॅडम, ये नाव कब जाएगी?" मी म्हणायची, साहेबांना विचार.

बाबा आले नोव्हेंबरात. आई जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. मालवणच्या थोडं अलीकडे, खाडीच्या काठाला आमचं घर. बाबांनी जन्मभर गावच्या पोस्टात नोकरी केली. आणि नोकरीच्या आधी, नोकरीच्या नंतर, खरं सांगायचं तर नोकरीच्या वेळातसुद्धा छोटी होडी घेऊन गरवायला गेले. गरवणं म्हणजे गळ टाकून मासे धरणं. मी त्यांची एकुलती एक. आई गेली तेव्हा मी दुसऱ्या दिवशी पोचले आणि आठव्या दिवशी परत निघाले, कारण रजा तेवढीच मंजूर झाली होती. दहाव्याला मी नव्हते. फोन करून विचारलं, "सगळं नीट झालं ना?" बाबा म्हणाले, "झाला." मी हुश्श केलं आणि मीटिंगला जाऊन बसले. त्याची लाज मला तेव्हाही वाटली होती.

इथे आले तेव्हा बाबा एकसष्ट किलोंचे होते. हे मला ठाऊक आहे, कारण पहिल्याच आठवड्यात मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. आधीच किडकिडीत माणूस, त्यात ताटातलं अर्धं तसंच ठेवून उठायचा. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली, सगळं उत्तम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रिपोर्टमध्ये काही नाही. माणूस जेवत नाही, एवढंच. असंच चाललं तर या वयात हॉस्पिटलात दाखल करावं लागेल." त्या हिवाळ्यात माझ्या डोक्यात तेवढा एकच विषय होता, बाबा जेवले की नाही. बाकी नोकरी, घर, मुलीची बारावी हे सगळं पायाखालून आपोआप सरकत होतं.

माझी नोकरी रास अल खोरला. एका कंत्राटदार कंपनीत आलेली ड्रॉइंग्ज नोंदवणं आणि गेलेली ड्रॉइंग्ज शोधणं, हे काम मी एकोणीस वर्षं करते आहे. सकाळी सहाला घर सोडायचं, शारजाहून दुबईत शिरणाऱ्या गाड्यांच्या रांगेत इंच इंच पुढे सरकायचं, संध्याकाळी तोच रस्ता उलट्या बाजूनं. घरी पोचायला साडेसात, कधी आठ. चपला काढायच्या आधी मी फ्रीज उघडून बाबांसाठी करून ठेवलेला दुपारचा डबा बघायची. डबा रिकामा असला की जरा बरं वाटायचं. वय बावन्न, गुडघे सत्तरीचे आणि तोंडावर कायम त्रासलेला भाव. आरशात बघायचं मी सोडूनच दिलं होतं.

बाबा इथल्या माशांना नावं ठेवायचे. मी बाजारातून चांगली सुरमई आणायची, तर बोटानं डोळा दाबून म्हणायचे, "बर्फातलो मासो. मेल्याक चार दिस झाले." एकदा रावस आणला. दुकानात त्याला इंडियन सामन म्हणतात, पण आमच्यासाठी रावस तो रावस. बाबांचा जीव की प्राण. लहानपणी घरात रावस आला की डोकं कोणाचं, यावर आईची आणि त्यांची जुंपायची. पण दुकानातल्या त्या रावसाकडे बघून ते म्हणाले, "ह्येका रावस म्हणतत?" आणि आमटीभात खाऊन उठले. मला वाटलं, सापडलं! माणसाला भूक आहे, ताजा मासा नाही. आणि ताजा मासा धरायचं साधन तर खाली पार्किंगमध्ये धूळ खात उभं आहे.

नवरा म्हणाला, "वेडी आहेस का? शहात्तर वर्षांचा माणूस!"

"तुझ्यापेक्षा बरा वल्हवेल. निदान चष्मा तरी सांभाळेल," मी म्हटलं. तो टपावर कयाक बांधायला लागला.

शनिवारी पहाटे आम्ही उम्म अल कुवैनला गेलो. तिथे समुद्र आत शिरून मोठी उथळ खाडी झाली आहे. मध्ये तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, बेटं आहेत, आमच्याकडे असतात तशीच, फक्त ठेंगणी. परवाने मोबाईलवर काढले होते, लाइफ जॅकेटं घातली होती, डब्यात कोळंबी होती. नवरा सीट मागे पाडून गाडीतच झोपला. मी कयाक पाण्यात ओढली आणि बाबांना म्हटलं, "या, बसा."

बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहिले. पाय उचलला आणि परत खाली ठेवला. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मी म्हटलं, "काय झालं? घाबरलात की काय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग आत बसले. मला वाटलं, या असल्या बोटीची सवय नाही, म्हणून कचरले असतील.

दोन मिनिटांत त्यांनी तोंड सुरू केलं. "ह्येका होडी म्हणतत? ह्यो तर कपडे धुवचो टप!" मग खाली बघितलं आणि ओरडलेच, "अगो, हिच्या बुडाक भोकां आसत!" मी समजावलं, की ती मुद्दामच ठेवलेली असतात, आलेलं पाणी त्यातून निघून जातं, ही बुडत नाही. त्यांचा विश्वास बसेना. अर्धा तास ते एका भोकावर टाच दाबून बसले होते. मी पुढे बसून वल्हवत होते, तर मागून टोमणे चालूच. "वल्हवतंस की आमटी ढवळतंस?" "सरळ बस, ढुंगण हलवू नको, कलंडतली!" मी पण ऐकून घेणारी नव्हे. म्हटलं, "पोस्टमास्तर, पत्रं वेळेवर पोचवली असतीत तर आज पेन्शन वाढलं असतं, मागे गप्प बसा." बाबा खो खो हसले. आई गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि माझ्याही तोंडून केवढ्यानं हसू फुटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

त्या दिवशी दोन शेरी मिळाल्या, तळहाताएवढ्याच, पण जिवंत, फडफडणाऱ्या. घरी येऊन आंघोळसुद्धा न करता मी त्या तळल्या. बाबा टेबलाशी आले, वास घेतला आणि म्हणाले, "माका नको गो. समुद्राची हवा खाल्लंय, पोट भरला." उकड्या तांदळाची वाटीभर पेज प्यायले आणि झोपले. मी म्हटलं, दमले असतील. शेरी आम्ही तिघांनी खाल्ल्या, नवऱ्यानं दीड.

मग आमचा तोच क्रम झाला. दर शनिवारी पहाटे खाडी. बाबा पाण्यात असले की अगदी बदलायचे. सुकती, म्हणजे ओहोटी, कधी लागते, तिवरांतून बाहेर पडणारं पाणी कुठे गढूळ होतं, कुठल्या कडेला मासा चरायला येणार, हे त्यांना दोन-तीन फेऱ्यांतच कळलं. गाव बदललं तरी पाण्याचा स्वभाव तोच, म्हणायचे. मला त्यांनी गळ बांधायला शिकवलं. लहानपणी कधी शिकवलं नव्हतं. पोरीच्या जातीला काय करायचंय, असं तेव्हा होतं. आता मी गाठ चुकवली की मागून डोक्यात टपली. बावन्नाव्या वर्षी बापाची टपली खायला भाग्य लागतं, खरंच सांगते.

पण घरी आलं की ताट तसंच. मासा धरायचा, गळ काढायचा, मला साफ करून द्यायचा आणि खायचा मात्र नाही. एकदा हमूर मिळाला चांगला दोन किलोंचा. त्याच्याकडे कौतुकानं बघितलं आणि म्हणाले, "वॉचमनाक देवा थोडो." मी वाढलेल्या तुकडीला हात लावला नाही. रविवारी पेज. सोमवारी मी ऑफिसला. डिसेंबरच्या शेवटी वजन सत्तावन्न भरलं. मला वाटलं, एक दिवस पुरत नाही, म्हणून शनिवारबरोबर रविवारीही जायला लागले. नवरा कुरकुरला, "आम्हाला आठवड्यात दोनच दिवस झोपायला मिळतात." मी म्हटलं, "तू गाडीत झोपतोसच की!"

मुलीनं मला सांगायचा प्रयत्न केला होता. ती घरी दुपारी दोनला येते. एकदा म्हणाली, "मम्मा, आय डोन्ट थिंक आजोबा इज ईटिंग. लाइक, ॲट ऑल." मी म्हटलं, डबा तर रोज रिकामा असतो. ती म्हणाली, "दॅट्स नॉट द सेम थिंग." आणि कानात बटणं घालून खोलीत गेली. मी दमलेली होते, मला त्यात खोल शिरायचंच नव्हतं. हे मी आता कबूल करते.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी लिफ्टची वाट बघत उभी होते. वॉचमन हसतमुखानं म्हणाला, "मॅडम, आज भेंडी बहुत अच्छी थी." मला आधी कळेचना. मग कळलं. सोमवार ते शुक्रवार, माझ्या हातचा डबा दुपारी खाली जात होता. पहाटे साडेचारला उठून, डोळ्यांवर झोप घेऊन केलेला डबा! लिफ्टमध्ये मला रडू आलं आणि दार उघडेपर्यंत त्याचा संताप झाला. वर येऊन वजनाचा काटा काढला आणि बाबांना त्याच्यावर उभं केलं. त्रेपन्न. मनात एवढंच ठरवलं, की आता रावस. रावस समोर आला की कसे खात नाहीत बघते.

इथे रावस किनाऱ्याला फार येत नाही, असं तिथे येणारे जुने लोक सांगत. थंडीत, गढूळ पाण्याच्या तोंडाशी, नशीब असेल तर. बाबांना मी सांगितलं, "रावस धरायचाय. तुम्ही बघा कुठे ते." त्यांनी नको म्हणून बघितलं. "कित्याक गो? जाऊ दी." मी ऐकलं नाही. लागोपाठ तीन आठवडे, शनिवार-रविवार दोन्ही दिवस आम्ही जात राहिलो. तिसऱ्या आठवड्यात बाबांना कयाकमध्ये बसताना माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. त्यांचा हात कोरडा आणि हलका लागला. मी म्हटलं, एकदा खाल्लंत की ताकद येईल. सगळ्यांना ओढत न्यायची माझी सवयच.

रविवारी, सुकती अर्धी झाली असताना, तिवरांच्या एका फटीतून पाणी जोरात बाहेर येत होतं. बाबांनी तिथे कयाक उभी करायला लावली, छोटा नांगर टाकला आणि म्हणाले, "कोळंबी तळाक जाऊ दी. रावसाचा तोंड खाली असता." मी दोर सोडला. ऊन चढलं, मान भाजली, पाय बधिर झाले. मागून काही आवाज नाही म्हणून बघितलं तर बाबा डोळे मिटून बसलेले. तेवढ्यात दोराला टक् झालं. मी झटका देणार, तर डोळे न उघडताच म्हणाले, "गप रव. तेका खाऊ दी." मी थांबले. मग दोर सरसर निघाला आणि बाबांचे डोळे उघडले.

दहा मिनिटं तो मासा आम्हाला नाचवत होता. कयाक नांगराभोवती गरगरली. एकदा पाण्याबाहेर उडाला तेव्हा अख्खा दिसला, रुपेरी, गळ्याखाली मिशांसारखे तंतू. बाबा ओरडले, "रावस गो! रावस!" त्यांनी मागून वाकून जाळी घातली आणि तो आत आला. मी रडत होते आणि हसत होते, दोन्ही. चार महिन्यांची मेहनत माझ्या पायांशी आपटत होती. मला वाटलं, जिंकले!

दुपारी मी सगळं आईसारखं केलं. डोक्याचं कालवण, तुकड्या तव्यावर, लसूण ठेचून, जाड रवा नाही, तांदळाचं पीठ. भात उकडा. डोकं बाबांच्या ताटात ठेवलं. नवरा आणि मुलगी बसले होते, पण कुणी सुरुवात करेना, सगळे बाबांकडेच बघत होते. बाबांनी भाताची दोन शितं चिमटीत घेतली, मीठ लावलं, तोंडात टाकली आणि पाणी प्यायले.

"नको गो," ते म्हणाले.

मग माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढं आठवतं, की मी म्हटलं, "आईनं केलं असतं तर खाल्लं असतंत ना? मी मेले तरी कुणाला पडलंय का? पहाटे उठते, डबे करते, गाडीत सडते, दोन दिवस सुट्टी मिळते ती त्या खाडीत घालवते, कुणासाठी? आणि तुम्ही माझं अन्न वॉचमनला देता?" नवरा "अगं, अगं" करत होता. मुलगी पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "मम्मा, बस ना."

बाबा म्हणाले, "तुझ्या आवशीच्या दहाव्याक कावळो शिवलो नाय."

मी खुर्ची ओढून बसले.

मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत. किनाऱ्यावर पिंड ठेवला होता. कावळे समोरच्या माडावर बसलेले, पण एकही खाली येईना. गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिलेली असते, म्हणून मग सगळे एकेक करून शब्द देतात. चुलतभाऊ म्हणाला, घर पडू देणार नाही. कावळा नाही. शेजारीण म्हणाली, तुझ्या गाईकडे मी बघेन. नाही. बाबा म्हणाले, लेकीला सांभाळीन. नाही. सूर्य डोक्यावर आला. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून मोकळे होऊ. "तेवा माका कळला," बाबा म्हणाले. "मी होडी घेऊन गेलंय काय ती धक्क्यार येऊन बसायची. मी परत येईसर तोंडात पाणी घालीत नाय होती. चाळीस वर्सां. मी हसय तिका. मगे मी म्हटलंय, आता ह्या पायान होडयेत बसूचंय नाय. म्हटलंय मात्र, कावळो खाली इलो."

हातातला डाव मी कालवणात परत ठेवला.

"आणि मी तुम्हाला दर शनिवारी..." मी म्हटलं.

"शनवार-आयतवार," बाबा म्हणाले. हसले नाहीत. "शब्द मोडलंय. मगे ती उपाशी रवली तसा रवाचा म्हणान रवलंय. होडयेत बसलंय, की आठवडाभर पेजेर."

म्हणजे त्यांनी जेवावं म्हणून मी त्यांना पाण्यात नेत होते, आणि ते पाण्यात आले म्हणून उपाशी राहत होते. डॉक्टर, सोनोग्राफी, वजनाचा काटा, कुठेच हे दिसलं नसतं. आणि दहाव्याला मी असते तर पहिल्याच शनिवारी कळलं असतं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ओरडायचं?

"मग आलात का?" मी विचारलं. "नाही म्हणायचं. त्या पहिल्याच दिवशी पाण्यात उभे होतात तेव्हा नाही म्हणायचं!"

बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "तू घराकडे येतंस ती कशी दिसतंस, तुका ठावक नाय. जिन्यात दम खाऊक बसलेल्या म्हाताऱ्या बायलेसारखी. माका म्हटलंस, या, बसा, तेवा तुझ्या तोंडार माका ल्हानपणचा माजा चेडू दिसला. नाय म्हणाक जमला नाय." मग थोडं थांबून, "होडयेत हसतंस तू. खंय दुसरीकडे हसनंस नाय."

नवरा उठून बेसिनशी गेला आणि नळ सोडून उभा राहिला. सगळं बरोबर होतं. मी बाबांचं नाव करून स्वतःसाठीच जात होते. चार महिने मला शनिवारची ओढ असायची, आणि ती बाबांच्या जेवणासाठी आहे असं मी स्वतःला सांगत होते. हे कळल्यावर राग गेला, आणि राग गेल्यावर इतका थकवा आला, की मी ताटं तशीच टाकून जाऊन झोपले. रावस कुणी खाल्ला, मला माहीत नाही. बहुतेक वॉचमननं.

पुढचा आठवडाभर बाबा पेजच पीत होते. त्या शनिवार-रविवारचा आठवडा शुक्रवारी रात्री संपणार, हिशोब पक्का. शुक्रवारी रात्री मी नवऱ्याला सांगितलं, कयाक विकून टाक. तो नुसतं हं म्हणाला.

शनिवारी पहाटे सवयीनं जाग आली. बाहेर आले तर बाबा हॉलमध्ये टोपी घालून बसलेले.

"चल," ते म्हणाले.

"बाबा, आईची शपथ आहे तुम्हाला. मी नेणार नाही."

"माका नको न्हेव. तू जा. मी काठार बसतंय." आणि नवऱ्याला हाक मारली, "जावयबापू, उठा."

मी नाही नाही म्हणत होते, पण त्यांनी डबासुद्धा भरून घेतला होता, काल रात्रीच्या चपात्या आणि बटाट्याची भाजी. खाडीवर पोचलो. नवऱ्यानं घडीची खुर्ची पाण्याच्या कडेला मांडून दिली आणि तो गाडीकडे गेला. बाबा खुर्चीत बसले, डबा मांडीवर. मी एकटीच कयाकमध्ये बसले. पाठीमागे कोणी टोमणे मारायला नव्हतं. वल्ही जड वाटत होती. मी तिवरांच्या वळणापर्यंत गेले, गळ टाकला, काहीच लागलं नाही. वळणापलीकडून किनारा दिसत नव्हता. एक तास म्हणून गेलेली मी, पाणी उतरल्यामुळे परतताना दोनदा गाळात रुतले, उतरून ढकलावं लागलं, आणि यायला सव्वादोन तास झाले.

लांबूनच दिसलं, बाबा खुर्चीत नव्हते. पँटसकट गुडघाभर पाण्यात उभे होते, डोळ्यांवर हात धरून. मी जवळ आले तर अंगावर धावूनच आले. "खंय मेल्लंस? एक तास म्हटलंस! सूर्य खंय इलो बघ! माका वाटला..." त्यांचा सगळा चेहरा ओला होता.

मी त्यांना धरून काठावर आणलं. खुर्चीशेजारी डबा तसाच, झाकण लावलेला, पाण्याची बाटलीसुद्धा उघडलेली नव्हती.

"तुम्ही काही खाल्लं नाहीत?"

"कसा खाणार?" बाबा म्हणाले. "तू थंय, नि मी खाऊ?" आणि ते वाळूतच बसले. मग म्हणाले, "चाळीस वर्सां. रोज. नि मी तिका हसय."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांची पाठ हलत होती. नवरा गाडीतून उतरला होता, पण तिथेच थांबला.

मग बाबांनी टोपीनं तोंड पुसलं, माझ्याकडे बघितलं, मी पूर्ण आले आहे ना याची खात्री केल्यासारखं, आणि डबा माझ्यापुढे सरकवला.

"वाढ," ते म्हणाले. "भूक लागली."